पदवीच्या मुलांमध्ये राहणारा पीएचडीवाला नेमकं काय करतो

अमेरिकेत पीएचडीला आलेल्या मराठी मुलामुलींच्या ईमेलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक जाहिरात हमखास येते. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहा, त्यांना मार्गदर्शन करा, बदल्यात खोली आणि मेसचं जेवण मिळेल. भाडं वाचतंय म्हणून अनेक जण अर्ज करतात आणि काम काय आहे ते आत गेल्यावर कळतं. ते आधी कळावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

या पदाची नावं जागोजागी वेगळी आहेत. कॉर्नेलला ग्रॅज्युएट रेसिडेंट फेलो, एमआयटीत ग्रॅज्युएट रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर, हार्वर्डला रेसिडेंट ट्यूटर, ऑक्सफर्डच्या कॉलेजांत ज्युनिअर डीन. हार्वर्डची हाउस पद्धत, म्हणजे वसतिगृहांची, १९३० पासूनची. पहिलं वर्ष संपलं की मुलं बारापैकी एका हाउसमध्ये जातात आणि पुढे बहुतेक पदवी होईपर्यंत तिथलीच होऊन जातात. कॉर्नेलच्या वेस्ट कॅम्पसवरची पाच हाउसं त्या मानाने नवी, २००४ ते २००८ या काळात एकेक करून उघडलेली. अ‍ॅलिस कुक, कार्ल बेकर, हान्स बेथे, विल्यम कीटन, फ्लोरा रोझ ही सगळी नावं त्याच विद्यापीठात शिकवून गेलेल्या प्राध्यापकांची. प्रत्येक हाउसमध्ये एक प्राध्यापक राहायला असतो आणि मजल्यांवर पीएचडीची मुलं विखुरलेली असतात. ऑक्सफर्डच्या ज्युनिअर डीनकडे रात्री-अपरात्रीची जबाबदारी जास्त, हार्वर्डच्या ट्यूटरांमध्ये मेडिकलला जाणाऱ्यांसाठी एक, वकिलीकडे जाणाऱ्यांसाठी एक अशी वाटणी. गाभा मात्र सगळीकडे सारखाच आहे.

एकोणीस वर्षांच्या मुलाला आजूबाजूला दिसणारी मोठी माणसं एकतर मार्क देणारी असतात, नाहीतर घरची. बरोबरीची मुलं असतात ती त्याच्याइतकीच गोंधळलेली. पीएचडीवाला या तिघांतही बसत नाही. तो चार-सहा वर्षांनी मोठा असतो, नापास होणं, रिजेक्ट होणं, विषय बदलणं हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं असतं, आणि त्याच्या हातात त्या मुलाचं काहीच नसतं. म्हणून त्याच्याशी बोलणं सोपं जातं. पण ते आपोआप होत नाही. मूल अडचणीच्या रात्री तुमचं दार वाजवतं, कारण त्याआधी दोन महिने तुम्ही त्याच्याशी जिन्यात, मेसमध्ये, लाँड्रीत काहीही कारण नसताना बोललेले असता. या बिनकामाच्या भेटी हेच खरं काम आहे. कार्यक्रम, पोस्टर, ईमेल ही त्या भेटी घडवण्याची साधनं, एवढंच.

ऑगस्टपासून सुरुवात करू. मुलं यायच्या आधी प्रशिक्षण असतं. त्यात आग लागली तर काय, कुणाला कधी फोन करायचा, कुठली गोष्ट कुणाला कळवणं बंधनकारक आहे, हे सांगतात. हे तीन-चार दिवस कंटाळवाणे वाटतात, तरी नीट ऐका. ड्यूटीवरच्या माणसाचा नंबर, कॅम्पस पोलीस, समुपदेशन केंद्राचा रात्रीचा नंबर आणि डीन ऑफिस, एवढे चार फोनमध्ये घालून ठेवा आणि कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवा. रात्री तीनला फोनची बॅटरी संपलेली असू शकते.

मुलं सामान घेऊन येतात त्या दिवशी खोलीत बसून राहू नका. खोकी उचला, लिफ्टपाशी उभे राहा. नावं पाठ करण्यासाठी मजल्याची यादी छापून घ्या आणि प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहा: नावाचा उच्चार, विषय, पुढच्या वेळी विचारायची एक गोष्ट. ‘बहिणीची बारावी’, ‘बास्केटबॉलची निवड चाचणी बुधवारी’ असं काहीतरी. आजार, घरातली भांडणं, पैशाची अडचण हे या यादीत लिहायचं नाही, आणि शेअर केलेल्या शीटमध्ये तर अजिबात नाही. चाळीस मुलांची नावं दोन आठवड्यांत यायला हवीत. एका महिन्यानंतर ‘तुझं नाव काय म्हणालास?’ असं विचारलंत की त्या मुलाच्या मनातून तुम्ही उतरता.

पहिल्या सहा आठवड्यांत जी ओळख होते ती वर्षभर पुरते. त्या काळात संध्याकाळची जेवणं मेसमध्येच घ्या, दर वेळी वेगळ्या टेबलावर. कॉर्नेलच्या हाउसमध्ये बुधवारी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, ते चुकवू नका. तिथे जाऊन दुसऱ्या पीएचडीवाल्यांबरोबर बसायचा मोह होतो. आपली भाषा, आपले विषय, गाइडच्या तक्रारी. त्या टेबलाजवळ एकही मूल फिरकत नाही. दोन पीएचडीवाल्यांनी एका टेबलावर बसायचं नाही असा नियमच करून टाका.

स्टडी ब्रेक आणि पोह्यांची गोष्ट

महिन्यातून एक-दोनदा मजल्यावर खाण्याचा कार्यक्रम ठेवायला पैसे मिळतात. वेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री साडेनऊ ते साडेदहा. शुक्रवार-शनिवारी कुणी येत नाही. चाळीस जणांच्या मजल्यावर बारा-पंधरा आले तरी उत्तम समजा. पन्नास पिझ्झे मागवून शंभर माणसं गोळा केली तर अहवालात छान दिसतं, पण मुलं स्लाइस उचलतात आणि खोलीत पळतात. माणसाला उभं राहून थांबावं लागेल, हाताने काहीतरी करावं लागेल असं खाणं ठेवा. चहा गाळणं, डोसा उलटणं, सँडविच भरणं. बोलणं त्यातून सुरू होतं.

मराठी माणूस पोहे करतो हे ओघानं आलंच. वीस जणांना नाश्त्यापुरते करायचे तर एक किलो जाड पोहे लागतात, सहा मध्यम कांदे, चार बटाटे, दीडशे मिली तेल, दोन चमचे मोहरी, दोन चमचे हळद. मिरच्या घरच्यापेक्षा निम्म्या घाला आणि उरलेल्या चिरून बाजूला ठेवा. पोहे दोन भागांत धुवा आणि चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. एकदम धुतले की खालचे लगदा होतात. शेंगदाणे अजिबात घालायचे नाहीत. वेगळ्या वाटीतही ठेवायचे नाहीत, कारण चमचे इकडचे तिकडे होतातच आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जीवावर बेतणारी असते. शेंगदाणा तेलही टाळा, सूर्यफुलाचं घ्या. भांड्यासमोर कागदावर घटक लिहून ठेवा. हलाल, कोशर (ज्यू धर्माचे आहारनियम), व्हीगन पाळणाऱ्यांना दर वेळी विचारायला लाजायला होतं, लिहिलेलं असलं की ते आपणहून वाढून घेतात.

दुसरी गोष्ट फोडणीची. मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात धूर ओळखणारी यंत्रं बसवलेली असतात आणि तडतडणारी मोहरी त्यांना पुरेशी ठरते. अलार्म वाजला की अख्खी इमारत खाली थंडीत, आणि अग्निशमन दल येऊन तपासून जाईपर्यंत आत यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पेपर असलेली मुलं ते वर्षभर विसरत नाहीत. तेल धुरावेपर्यंत तापवू नका, पंखा आधी चालू करा, मोहरी टाकली की लगेच झाकण ठेवा, आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा म्हणजे धूर कॉरिडॉरमधल्या यंत्रापर्यंत जात नाही. यंत्रावर पिशवी बांधणे हा उपाय मुलं सुचवतात. तो नियमाविरुद्ध आहे आणि धोक्याचाही.

बोलणं कसं उघडायचं

‘हाउ इज इट गोइंग’ला उत्तर ‘गुड’ असंच येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: गुरुवारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर होता ना, वेळ पुरला का? पेपर वाईट गेलेलं मूल इथे थांबतं. थांबलं की तुम्ही गप्प बसा. चार-पाच सेकंदांची शांतता आपल्याला फार लांब वाटते आणि आपण ती ‘माझं पण एकदा असंच झालं होतं’ म्हणून भरून टाकतो. ती भरली की गोष्ट तुमची होते आणि मुलाचं बोलणं तिथेच तुटतं.

त्यानंतरचा प्रश्न: तुला आत्ता माहिती हवीये, सल्ला हवाय, की नुसतं सांगायचंय? हे विचारणं कृत्रिम वाटतं, पण फार उपयोगी पडतं. पीएचडीच्या मुलांना उत्तरं द्यायची सवय असते, आणि निम्म्या वेळा उत्तर नकोच असतं.

सल्ला हवा असेल तर पुढची एकच पायरी ठरवा, तारखेसकट. ‘प्रोफेसरांना भेट’ हा सल्ला वाया जातो, कारण त्या मुलाला भेटून काय बोलायचं हे माहीत नसतं. तिथेच बसून चार ओळींची ईमेल लिहून घ्या: मी अमुक विषयात आहे, पहिल्या परीक्षेत मला तमुक भाग जमला नाही, मंगळवारच्या ऑफिस अवरला (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला) येतोय, तिसरा आणि पाचवा प्रश्न घेऊन येईन. पाठवल्याशिवाय उठू देऊ नका. मग कॅलेंडर उघडा आणि विषय सोडण्याची शेवटची तारीख पाहा. ही तारीख चुकल्यामुळे जितकं नुकसान होतं तितकं त्या एका पेपरामुळे होत नाही. ग्रेडऐवजी नुसतं उत्तीर्ण-अनुत्तीर्ण घेता येतं का, कधीपर्यंत, आणि मेडिकलच्या किंवा त्या विभागाच्या प्रवेशाला ते चालतं का, हे त्या मुलाने अकॅडेमिक अ‍ॅडव्हायझरला विचारायचं. तुम्ही अंदाजाने सांगू नका. नियम प्रत्येक कॉलेजचे वेगळे असतात, एकाच विद्यापीठातसुद्धा.

मुलांचा गृहपाठ पाहायची वेळ येतेच. संकल्पना समजावा, मागच्या वर्षीचं उदाहरण सोडवून दाखवा, पण ज्याचे मार्क मिळणार आहेत तो चालू गृहपाठ हातात घेऊ नका. त्याच विषयाचे तुम्ही टीए (अध्यापन सहाय्यक) असाल आणि तुमच्या मजल्यावरचं मूल त्या वर्गात असेल, तर पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना सांगा आणि त्याचे पेपर दुसऱ्या टीएकडे द्या.

पीएचडीवाल्यांची एक मोठी खोड म्हणजे हुशार मूल दिसलं की त्याला संशोधनाकडे वळवायचं. एखादीला प्राथमिक शाळेत शिकवायचंय, तिला आपण लॅबमध्ये जागा शोधून देतो आणि वर मदत केली असं समजतो. तिने विचारलं तर सांगावं, नाहीतर तिला शिक्षकी करणाऱ्या माणसाशी जोडून द्यावं.

दोन रूममेट आणि एक थर्मोस्टॅट

भांडणं बहुतेक तीनच गोष्टींवर होतात. झोपेची वेळ, रात्री थांबणारे पाहुणे आणि खोलीचं तापमान. पाच वेळा स्नूझ होणारा अलार्म यात धरलेलाच. सत्राच्या सुरुवातीला रूममेटांचा लेखी करार करून घेतात, तेव्हा मुलं ‘आम्हाला सगळं चालतं’ लिहून मोकळी होतात. तिथेच थांबवा आणि आकडे लिहून घ्या: दिवा कितीला बंद, पाहुणा महिन्यातून किती रात्री, आधी किती तास सांगायचं. भांडण झाल्यावर आधी दोघांना वेगवेगळं भेटा, मग एकत्र, आणि एकत्र भेटताना त्यांच्या खोलीत बसू नका. निकाल तुम्ही द्यायचा नाही. ठरलेल्या दोन-तीन ओळी त्यांनी लिहायच्या, आणि आठवड्याने तुम्ही पुन्हा विचारायचं. हे आठवड्यानंतरचं विचारणं बहुतेक जण विसरतात, आणि मग महिन्याभराने खोली बदलण्याचा अर्ज येतो.

गंभीर रात्री

कुणी ‘एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नकोस’ म्हणालं तर लगेच ‘बरं’ म्हणू नका. आधी स्पष्ट करा: बऱ्याच गोष्टी मी माझ्यापाशी ठेवू शकतो, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक छळाचं काही असेल तर मला कळवावं लागतं. तसं नको असेल तर समुपदेशक गोपनीय ठेवू शकतात, मी तुझ्याबरोबर येतो. हे ऐकून मूल गप्प झालं तरी हरकत नाही. सांगून झाल्यावर हे कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग ते पुन्हा कुणाकडेच जात नाही. अनेक विद्यापीठांत वसतिगृहातल्या सर्व कर्मचाऱ्यांवर कळवण्याचं बंधन असतं आणि पीएचडीवाला त्यात येतो.

आत्महत्येची शंका आली तर थेट विचारा: तुझ्या मनात जीव संपवायचे विचार येतायत का? विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ‘तसलं काही नाही ना?’ असं नकारार्थी विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, आणि तुम्ही एकट्याने सांभाळायचंही नाही. ड्यूटीवरच्या माणसाला त्याच्यासमोरच फोन लावा. अमेरिकेत २०२२ पासून ९८८ हा मदतीचा नंबर देशभर चालतो, भारतात टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. नंबर नुसता देऊन परत येऊ नका, फोन लागेपर्यंत जवळ बसा.

शनिवारी रात्रीचा प्रसंग दारूचा. अमेरिकेत एकविसाच्या आत दारू बेकायदा, त्यामुळे मित्र घाबरून मुलाला खोलीत झोपवतात आणि कुणाला सांगत नाहीत. हलवून जागं होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा मध्येच लांबतोय, ओठ-नखं निळसर, झोपेतच उलटी, यातलं एकही दिसलं तर ९११. रुग्णवाहिका येईपर्यंत कुशीवर वळवून ठेवा आणि पाठीवर येऊ देऊ नका. कॉफी नको, थंड पाण्याची आंघोळ नको. बऱ्याच विद्यापीठांत मदत मागणाऱ्यावर आणि आजारी मुलावर दारूबद्दल शिस्तभंगाची कारवाई होत नाही. आपल्या विद्यापीठात नियम काय आहे ते सप्टेंबरमध्येच मजल्यावर सांगून ठेवा. ज्या रात्री गरज पडते त्या रात्री नियम वाचायला कुणी बसत नाही.

भारतातून येणारे फोन

मजल्यावर भारतातली मुलं असली की तुम्ही दादा किंवा ताई होऊन जाता. एकट्याने भेटल्यावर मराठीत बोलायला मिळालं की मूल मोकळं होतं, ते जरूर करा. कॉमन रूममध्ये मात्र मराठी-हिंदीचा कोंडाळा झाला की बाकीची मुलं त्या खोलीत येईनाशी होतात.

मग पालकांचे फोन. कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून तुमचा नंबर मिळवून पुण्याहून काकू विचारतात, ‘ती जेवते ना नीट? मार्क कसे आहेत? तू जरा लक्ष ठेव रे.’ काळजी खरी असते आणि उर्मटपणे तोडणं बरोबर नाही. पण अमेरिकेत १९७४ च्या फेर्पा कायद्याने कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा स्वतःचा असतो. तुम्ही एवढंच म्हणायचं: काकू, मी तिच्याबद्दल काही सांगू शकत नाही, पण तुम्ही फोन केला होता हे तिला सांगतो, आणि फार काळजी वाटली तर डीन ऑफिसला फोन करा, नंबर देतो. आणि तिला खरंच सांगायचं, त्याच दिवशी. एकदा का आईला परस्पर बातम्या जायला लागल्या की त्या मजल्यावर तुमच्याशी कुणी खरं बोलत नाही.

काही गोष्टींना सरळ नाही: मजल्यावरच्या मुलांशी प्रेमसंबंध, उसने पैसे, त्यांच्या पार्टीला जाणं.

अर्ज करण्याआधी

गाइडची परवानगी लेखी घ्या. क्वालिफायरच्या (पीएचडीच्या पात्रता परीक्षेच्या) वर्षी आणि प्रबंध लिहायच्या शेवटच्या वर्षी हे काम घेऊ नये असं मी आग्रहाने सांगेन. अभ्यास आणि हे काम यांपैकी एकाकडे दुर्लक्ष होतंच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि टीए किंवा आरएची (संशोधन सहाय्यकाची) नेमणूक बहुतेक ठिकाणी हेच वीस तास व्यापून टाकते. हाउसमधलं पद नोकरी म्हणून नोंदलं जातं की आणखी कशात, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. खोली-जेवणाच्या रकमेवर कर लागतो का हेही तेव्हाच विचारा. जोडीदाराबरोबर राहता येतं का, उन्हाळ्यात खोली सोडावी लागते का, हे प्रश्नही करारावर सही करण्याआधीचेच.

आपल्याकडे

आपल्याकडे पीएचडीवाले आणि पदवीची मुलं एकाच कॅम्पसवर राहतात, पण भेट होते ती लॅबमध्ये टीए म्हणून. आयआयटी मुंबईत नव्या मुलांसाठी विद्यार्थी-मार्गदर्शकांची पद्धत आहे, ती प्रामुख्याने वरच्या वर्गातल्या पदवीच्या मुलांवर चालते. रॅगिंगच्या भीतीने नव्या मुलांचं वसतिगृह वेगळं ठेवतात आणि सीनिअरच्या ये-जा करण्यावर वॉर्डनची नजर असते. यूजीसीच्या २००९ च्या नियमांतच तसं आहे, आणि ते गरजेचंही होतं. पण त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही: दर सहा नव्या मुलांमागे एक मार्गदर्शक, आणि अशा दर सहा मार्गदर्शकांमागे वरच्या पातळीचा एक. ही वरची पातळी पीएचडीच्या मुलांनी सांभाळावी. सहा मार्गदर्शक म्हणजे छत्तीस मुलं, साधारण अमेरिकेतल्या एका मजल्याएवढी.

यासाठी नवी खोली किंवा मोठा निधी लागत नाही. आठवड्यातला एक वार ठरवायचा, नव्या मुलांच्या मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला एक टेबल ठरवायचं, आणि वॉर्डनला लेखी कळवून पीएचडीच्या दोघांनी तिथे जेवायचं. दोघांनी, कारण एकट्यावर आरोप व्हायला वेळ लागत नाही आणि एक आजारी पडला तरी टेबल रिकामं राहत नाही. भेट उघड्या जागीच ठेवायची, कुणाला खोलीवर बोलवायचं नाही, हजेरी घ्यायची नाही. पहिले तीन-चार आठवडे कुणी येऊन बसणार नाही. तरी वार बदलू नका. पहिल्या मिडसेमचे मार्क लागतात त्या आठवड्यात दोघे-तिघे ताट घेऊन येतील, आणि तेव्हा विषय सोडायची तारीख, समुपदेशन केंद्राची वेळ आणि त्या विभागातल्या फॅकल्टी अ‍ॅडव्हायझरचं नाव तुम्हाला तोंडपाठ हवं.